दादाच्या अमेरिकेतल्या मॅडिसनच्या घराची उदबत्ती-चाचणी

दादा: खिडक्या-दारं बसली. आतल्या भिंतीचे फोटो टाकलेत, बघा.

आई: अरे, ही भिंत पुठ्ठ्यासारखी दिसते. टिकेल ना रे?

दादा: टिकेल गं. लाकडाच्या चिपा गोंदाने दाबून केलेल्या दोन फळ्या आणि मधे थर्माकोल, तिन्ही एकत्र चिकटवलेले. एकूण साडेसहा इंच. याला सिप पॅनेल म्हणतात. कारखान्यातून नंबर घालून आली, क्रेनने उचलून चार दिवसांत उभी केली.

काका: खांब दिसत नाहीत. भार कोण घेतं?

दादा: काका, फळ्याच. आय-बीम, म्हणजे इंग्रजी I च्या आकाराची तुळई, डोळ्यांसमोर आणा: फळ्या म्हणजे फ्लँज, तिच्या दोन टोकांच्या आडव्या पट्ट्या; थर्माकोल म्हणजे वेब, त्यांना जोडणारी मधली पट्टी.

काका: आलं लक्षात. आणि आगीचं काय?

दादा: आतून अर्धा इंची जिप्सम बोर्ड लावावाच लागतो. तो पुढच्या आठवड्यात.

आत्या: एवढा खटाटोप कशाला? तिथे सगळे लाकडाची घरं बांधतातच की.

दादा: आत्या, जानेवारीत इथे पारा उणे 20 च्या खाली उतरतो. नेहमीच्या घरात दर 16 इंचांवर लाकडी वासा असतो आणि त्या वाशावाटे ऊब बाहेर जाते. या भिंतींत वासे जवळजवळ नाहीतच. पॅनेलच्या घरांवरचं सुरुवातीचं संशोधन याच गावातल्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीत 1935 मध्ये सुरू झालं. थर्माकोल नंतर आला, 1952 मध्ये, ॲल्डन डाऊ या आर्किटेक्टने मिशिगनमध्ये घातला.

पण माझी खरी काळजी जोडांची आहे. काल मोठ्या दारात पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचली, 50 पास्कल दाबाच्या फरकाने, म्हणजे फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसते. मी देवघरातली उदबत्ती घेऊन प्रत्येक जोडाशी उभा राहिलो. भिंतींशी धूर सरळ वर जात होता. आढ्यापाशी शिडीवर चढलो तर एका जागी धूर एकदम आडवा झाला, फुंकर मारल्यासारखा. तिथे सीलंटची रेघ तुटली होती. अलास्कात जूनो गावी 2001 च्या सुमारास अशाच पॅनेलची छपरं आढ्याशी कुजलेली सापडली: आतली दमट हवा जोडातून वर शिरली आणि थंड फळीला लागून तिचं पाणी झालं. थर्माकोल कितीही चांगला असो, ही एक फट घर खाते.

आई: इतकं बंद घर? मग फोडणीचा खाट कुठे जाणार?

दादा: चिमणी आहेच, शिवाय ताजी हवा आत घेणारं यंत्र. जाणारी हवा येणारीला आपली ऊब देऊन जाते. त्याशिवाय असं घर बांधूच नये.

छोटू: दादा, चिपळूणच्या घरावर खोली काढायची आहे. हेच पॅनेल मागवू?

दादा: नको रे. चार महिने पाऊस, वर वाळवी. ही फळी भिजली की कडेने फुगते. 2021 चा पूर आठव.

काका: छोटू, जांभ्याच्याच भिंती काढ. ऊन छपरातून उतरतं, तेव्हा कौलाखाली उष्णतारोधक थर घाल आणि पश्चिमेला पडवी सोड.

छोटू: बरं काका.

काका: आणि दादा, तो आढ्याचा जोड?

दादा: आज सीलंट भरतो, वर टेप लावून रोलर फिरवतो. मग परत पंखा.

काका: बोर्ड लावायच्या आत उदबत्ती पुन्हा फिरव. व्हिडिओ टाक.

दादा: उद्या सकाळी टाकतो, तुमच्या संध्याकाळी.