आईच्या बीआरसीए रिपोर्टमध्ये ‘व्हीयूएस’ आलंय, म्हणजे नक्की काय?

गोंधळलेली_लेक:
आईला (५१) ब्रेस्ट कॅन्सर, केमो चालू आहे. मावशीलाही झाला होता म्हणून डॉक्टरांनी जेनेटिक टेस्टला रक्त पाठवलं. रिपोर्ट बारा पानी, आणि त्यात बीआरसीए२ (बिघडला तर ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढतो तो जीन) पुढे ‘व्हीयूएस’. ओपीडीत ही गर्दी, डॉक्टर म्हणाले काही नाही, सोडून द्या. सोडून कसं द्यायचं? दादा म्हणतो आपण दोघंही टेस्ट करू. करावी का?

खादाड_बोका:
अँजेलिना जोलीने २०१३ ला यासाठीच ब्रेस्ट काढले ना? रिस्क कशाला घ्यायची

लॅबवाली:
बोकोबा, दमानं घ्या. तिच्यात बीआरसीए१ नक्की बिघडलेला होता, इथे तसं काही सिद्धच नाहीये. मी असल्याच लॅबमध्ये आहे. सिक्वेन्सिंग म्हणजे जीनची अक्षरं वाचायची, बीआरसीए२ ची प्रोटीन बनवणारी अक्षरंच दहा हजारांवर आहेत, त्यात एखादं वेगळं निघालं तर तो माणसामाणसातला साधा फरक की खरा बिघाड हे आधीच्या लोकांच्या डेटावरून ठरतं, आणि तो डेटा बराचसा युरोपियन वंशाच्या लोकांचा, त्यामुळे आपल्याकडे ‘अजून सांगता येत नाही’ हा शिक्का जास्त बसतो. व्हीयूएस म्हणजे तेच. पुढे यातले बहुतेक निरुपद्रवीच निघतात. त्याच्यावर ऑपरेशन ठरवत नाहीत. तुम्ही दोघांनी तेच अक्षर तपासून काय मिळणार? आईकडून यायचा चान्स ५० टक्के, आलं तरी उत्तर तेच, सांगता येत नाही.

गोंधळलेली_लेक:
म्हणजे मला धोका नाही?

लॅबवाली:
असं नाही हो ताई. आई आणि मावशी दोघींना झालाय ते रिपोर्टने पुसलं जात नाही, तुमचं चेकअप कधीपासून ते त्यावरून ठरेल. जेनेटिक काउन्सेलरला भेटा, साधा सर्जन एवढा वेळ देत नाही.

सातारी_कंदी:
आमच्या हिचा व्हीयूएस दोन वर्षांनी ‘बहुधा निरुपद्रवी’ झाला. लॅबने आपणहून कळवलं नाही, मीच दरवर्षी मेल टाकायचो. ‘सी डॉट’ने सुरू होणारा व्हेरियंटचा नंबर असतो त्याचा फोटो काढून ठेवा, फाइल हरवते.

लॅबवाली:
+१. मावशीला कितव्या वर्षी झाला होता? टेस्ट केली होती का?

गोंधळलेली_लेक:
३९. टेस्ट नाही केली, तेव्हा कुणी सांगितलंच नाही. आता बरी आहे, नगरला असते.

लॅबवाली:
मग दादाचं राहू द्या, आधी मावशीची करा, फक्त हे एक अक्षर नाही, पूर्ण पॅनल, म्हणजे कॅन्सरशी संबंध असलेले बरेच जीन एकदम. घरात सगळ्यात कमी वयात जिला झाला तिच्यात खरा बिघाड सापडायचा चान्स जास्त.

गोंधळलेली_लेक:
रविवारी फोन करते तिला. कसं विचारायचं तेच कळत नाहीये