मदत हवी आहे : ठरवलेलं दुसऱ्या आठवड्याच्या पुढे जात नाही

धरसोड
सरळ मुद्द्यावर येतो. आयुष्याला वळण लावायचं आहे. पहाटे ५ ला उठणं, ४५ मिनिटं पळणं, तासभर अभ्यास, रात्री डायरी, मोबाइल कमी. सुरुवात जोरात होते, दुसऱ्या आठवड्यात एखादा दिवस चुकतो आणि मग सगळंच बंद. काही दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. प्रेरणादायी व्हिडिओ सुचवू नका, 'मनावर घ्या' हेही नको. नेमकं काय करायचं तेवढं सांगा. परीक्षा तोंडावर आहे.

पहाटवारा
५ चा हट्ट सोडू नका. सलग २१ दिवस दामटून करा, मग शरीरच उठवतं. अलार्म दुसऱ्या खोलीत ठेवा, उठल्या उठल्या थंड पाण्याने आंघोळ. बाकीचं आपोआप मार्गी लागतं.

उलटतपासणी
२१ दिवसांचं हे खूळ कधी जाणार? १९६० साली एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला साधारण किमान २१ दिवस लागतात. पुढे त्यातलं 'किमान' गळलं, चेहराही गळला, आकडा तेवढा उरला. प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलं. ९६ जण, ८४ दिवस. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक, म्हणजे मधोमध पडणारा आकडा, निघाला ६६.

पहाटवारा
म्हणजे २१ च्या जागी ६६. दामटायचं ते दामटायचंच ना?

उलटतपासणी
नाही. ६६ हा मध्यक आहे, पल्ला १८ ते २५४ दिवसांचा. त्यातले २५४ कोणी मोजलेलेही नाहीत, अभ्यासच ८४ दिवसांचा होता, पुढचा आकडा आलेखावरून काढलेला अंदाज आहे. जेवताना पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर बसते, व्यायामाला जास्त वेळ लागतो. आणि धागाकर्त्याच्या कामाचं म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता. त्यामुळे चुकलेल्या दिवसाला आरोपी करून उपयोग नाही.

भिंगरी
नुसतं पळून वजन उतरत नाही, खाण्याकडे बघा. आठवड्याला अर्धा ते एक किलोच्या वर घाई नको, आणि आठवड्यातून २ दिवस ताकदीचे व्यायाम हवेतच, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात.

टिपणवही
धागाकर्ते, आधी माहिती द्या. झोपता किती वाजता? दुसऱ्या आठवड्यात जो दिवस चुकतो त्या दिवशी नेमकं काय असतं? परीक्षा कसली? आणि ५ च का, ६ का नाही?

धरसोड
वजन कुठून आलं मध्येच? मी काही लठ्ठ नाही. परीक्षा बढतीसाठीची, खात्यांतर्गत. ५ अशासाठी की शांतता असते. झोपतो साडेअकराच्या सुमारास, नाइट नसेल तेव्हा.

टिपणवही
'नाइट नसेल तेव्हा'! अहो, शिफ्ट आहे हे आत्ता सांगताय? कशी फिरते?

धरसोड
दर आठवड्याला. सेकंड २ ते १०, मग फर्स्ट ६ ते २, मग नाइट १० ते ६. पण प्रश्न शिस्तीचा आहे. शिफ्ट सगळ्यांनाच असते, त्याचं काय एवढं.

टिपणवही
सगळा प्रश्न तिथेच आहे. पैज लावून सांगते, नवा संकल्प तुम्ही सेकंडच्या आठवड्यात सुरू करता, कारण सकाळ मोकळी असते. पुढचा आठवडा फर्स्टचा. सहाला हजर व्हायचं तर ५ ला उठून ४५ मिनिटं पळणार कधी आणि अभ्यास करणार कधी? तो बेत त्या आठवड्यात बसतच नाही. शिस्त मध्ये येतेच कुठे?

त्यात तुमची पाळी उलटी फिरते, सेकंडनंतर फर्स्ट, फर्स्टनंतर नाइट. बहुतेकांचं शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं, म्हणून झोप पुढे ढकलणं सोपं आणि अलीकडे ओढणं जड जातं. फर्स्ट, सेकंड, नाइट असा क्रम लावून मिळतो का ते एकदा विचारा.

तोपर्यंत घड्याळाची वेळ सोडा आणि अभ्यास रोजच्या एखाद्या घटनेला बांधा. सेकंड आणि नाइटच्या आठवड्यात : झोपून उठलो, तोंड धुतलं, की टेबलाशी. नाइटमध्ये हे दुपारी येईल, येऊ दे. फर्स्टला : घरी येऊन कपडे बदलले, २० मिनिटांची डुलकी झाली, की टेबलाशी. डुलकी तासभर लांबली तर गाढ झोपेतून उठल्यासारखं डोकं जड होतं, म्हणून अलार्म लावाच. रोजचं माप १० मिनिटं. जास्त झालं तर उत्तम, पण १० झाली की दिवस जमेला. पाळी बदलण्याच्या दिवशी फक्त १०, वर काही नाही.

झोप साडेपाच तासांची आणि वरून ५ चा अलार्म, हे आधी बंद करा. ७ तास हवेत. कॅफीनचं अर्धं प्रमाण उतरायला साधारण ५ तास लागतात, तेव्हा झोपायच्या आधीच्या ६ तासांत चहा-कॉफी नको, झोप दिवसा असली तरी.

पहाटवारा
पण थंड पाण्याने आंघोळ तरी करा. नाइटवरून आल्यावर शीण जातो.

उलटतपासणी
नाइटवरून आल्यावर माणसाला झोपायचं असतं हो! तेव्हा तरतरी आणून काय करायचं? पडदे जाड, फोन खोलीबाहेर, आणि अंथरुणात २० मिनिटं झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसायचं, डोळे मिटायला लागले की परत.

टिपणवहींशी बाकी सहमत, पण पळणं आत्ता यादीतच नको. शून्यावरून एकदम ४५ मिनिटं पळणाऱ्याची नडगी धरते आणि मग आठवडे जातात. परीक्षा झाल्यावर १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा, आठवड्यातून ३ दिवस.

टिपणवही
व्यायाम पूर्ण काढू नका. बसून अभ्यास करणाऱ्याला १० मिनिटं चालणं लागतंच.

उलटतपासणी
चालणं म्हणा, मग भांडण नाही.

शाईपेन
अवांतर : डायरी लिहिणार असाल तर कागद ८० जीएसएमच्या वरचा घ्या. पातळ कागदावर शाई फुटते आणि मागचं पान वाया जातं.

टिपणवही
डायरीच नको आत्ता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली पुरे. डायरीच्या नादात अर्धा तास जातो आणि अभ्यास केल्याचं समाधान फुकटात मिळतं.

शाईपेन
डायरीवर हा अन्याय आहे. वेगळा धागा काढतो.

नाकासमोर
दोन गोष्टी राहिल्या. पुरेसं झोपूनही दिवसा डुलक्या येत असतील आणि घरचे 'खूप घोरतोस' म्हणत असतील तर श्वास अडकतो का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. दोन आठवडे रोजच उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, तरीही डॉक्टर. तिथे वेळापत्रकं कामाला येत नाहीत. आणि नाइटनंतर झोप अनावर असेल तर स्वतः गाडी चालवू नका.

धरसोड
घोरत नाही, उदासही नाही, वैतागलोय फक्त. सेकंडचा अंदाज बरोबर निघाला. मग असं करतो : पळणं परीक्षेनंतर, डायरी रद्द, अभ्यास रोज २ तास. मोबाइलचं कोणीच सांगितलं नाही.

टिपणवही
पुन्हा २ तास? १० मिनिटं लिहा हो. २ तास हा मोकळ्या दिवसाचा आकडा आहे, तुमचा वाईटातला वाईट दिवस म्हणजे नाइटनंतरचा पहिला. माप त्या दिवसाला पेललं पाहिजे. आणि 'अभ्यास' असं मोघम नको. उठताना पुस्तक पुढच्या पानावर उघडं, त्यावर पेन, बाजूला चिठ्ठी : 'प्रश्न ४ पासून'. दुसऱ्या दिवशी बसल्यावर काय करायचं हे शोधण्यात वेळ गेला की हात मोबाइलकडे जातोच. तो टेबलावरच नको, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, आवाज फक्त कॉलचा.

धरसोड
उद्यापासून नाइट आहे. तिथूनच सुरू करू की सेकंड येईपर्यंत थांबू?

टिपणवही
नाइटपासूनच. उद्या निघण्याआधी दीड तास झोपून घ्या. उठलात की तोंड धुऊन १० मिनिटं बसा आणि मगच डबा भरायला घ्या.