जन्माच्या अपघाताचा अभिमान?

माणदेशी

गेल्या आठवड्यात ‘चिकित्सक’ यांनी लिहिले, की देशाभिमान म्हणजे जन्माच्या अपघाताचा अभिमान, ज्यात आपले काडीचेही कर्तृत्व नाही त्याबद्दल छाती फुगवणे हास्यास्पद आहे, आणि लोकांना देश प्रिय वाटतो तो केवळ शाळेत प्रतिज्ञा घोकून घेतल्यामुळे व क्रिकेटमुळे. दुर्लक्ष करावे असे ठरवले होते, परंतु त्याखाली पडलेल्या टाळ्या पाहून राहवले नाही.

माझी आजी अंगठा उठवीत असे. प्रतिज्ञा तिला कोणी शिकवली नाही आणि क्रिकेट तिने आयुष्यात पाहिले नाही. १९७२ च्या दुष्काळात ती माण तालुक्यात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाई. दगड पायाच्या चवड्यांत धरायचा, हातोडी मारायची, संध्याकाळी ढीग मोजून द्यायचा आणि कामावर मिळणारा सुकडीचा कोरडा शिधा पदरात बांधून घरी आणायची. तिच्या सासूने पाहिलेल्या दुष्काळांत माणसे गाव सोडून जात आणि त्यांतली बरीचशी परतत नसत. या खेपेस मात्र काम मिळाले. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. १९४३ साली बंगालमध्ये उपासमारीने आणि रोगराईने ३० लाखांच्या आसपास माणसे दगावली होती. तीसच वर्षांनी, पाऊस लागोपाठ दगा देत असताना, आपल्याकडे तसे घडले नाही, कारण आता सरकारला पुन्हा मते मागायला त्याच गावांत जायचे होते.

देशाविषयीची माया अशा ठिकाणी धरते, असे माझे मत आहे. पडत्या काळात आपण कोणाच्या तरी मोजणीत होतो, मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, आपले नाव होते, ही जाणीव साधी नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले होते. माझ्या आजीचे स्वतःचे नाव पहिल्यांदा कागदावर चढले ते मस्टरच्या. यात अपघात कोणता, ते चिकित्सक यांनी समजावून सांगावे.

चिकित्सक

आपल्या आजींविषयी आदर बाळगूनच लिहितो. खडी त्यांनी फोडली, घाम त्यांचा गेला, आणि श्रेय मात्र देशाच्या खात्यावर जमा झाले, हा हिशेब मला उमगत नाही. त्या काळात आपण अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, हे कोणत्याही जुन्या घरात विचारा. आपल्याच तर्काने चालायचे तर आजींनी थोडी माया अमेरिकेवरही करायला हवी होती. शिवाय सरकार हलले ते मोर्चे निघाले आणि घेराव पडले म्हणून. जे राज्याशी भांडले त्यांच्या भांडणाचा हार आपण पन्नास वर्षांनी राज्याच्याच गळ्यात घालता आहात.

आणखी एक गोष्ट अशी, की अभिमानात वाटा मागणाऱ्याने लाजेतही वाटा घ्यावा लागतो. १९७२ मध्येच परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली, आणि अशाच घटनांच्या संतापातून दलित पँथर उभी राहिली. त्या मस्टरचे पान आपण उलटले नाही.

राईनकाठ

मी गेली अनेक वर्षे जर्मनीत राहतो. येथे २००६ च्या विश्वचषकापर्यंत घरावर झेंडा लावणे लोकांना अवघड वाटत असे, आणि आजही ‘मला देशाचा अभिमान आहे’ असे म्हणणाऱ्याकडे काही सहकारी जरा निरखून पाहतात. तरीही कर भरला जातो, रांगा पाळल्या जातात आणि राज्यघटनेविषयी लोक आस्थेने बोलतात. राज्यघटनेवर निष्ठा ठेवावी, रक्तावर आणि मातीवर नव्हे, हा विचार येथे १९७९ साली जर्मन विचारवंत डोल्फ श्टेर्नबेर्गर यांनी मांडला. तेवढे आपल्यालाही पुरेसे नाही काय?

माणदेशी

राज्यघटनेवर निष्ठा असावी हे मान्य. परंतु युरोमध्ये पगार घेऊन आम्हाला अभिमानाचे प्रमाण ठरवून देण्याची ही सवय आता पुरे झाली. हिटलरचा इतिहास त्यांचा आहे, त्याचे पथ्य आमच्या ताटात कशासाठी?

राईनकाठ

घरी पाठवलेल्या पैशांवर बहिणीचे शिक्षण झाले, तेव्हा युरो कोणालाही खटकले नव्हते. असो.

ठाणेकर

दोन्ही बाजूंना माझा एक साधा प्रश्न आहे. माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. वर्षाचे २५०० होतात, कारण राज्यघटनेच्या कलम २७६ प्रमाणे त्याहून अधिक घेता येत नाही. हा कर १९७५ साली रोजगार हमीसाठी, म्हणजे गावच्या मजुराला मागेल तेव्हा काम देण्याच्या राज्याच्या योजनेसाठी, बसवला गेला, हे माझ्या कार्यालयात कोणालाही ठाऊक नाही. शहरातल्या कारकुनाच्या पगारातून गावच्या मजुराची मजुरी निघावी, इतकी सुंदर कल्पना आम्हाला कोणी सांगितलीच नाही, नुसती कापून घेतली. आता तो पैसा कोठे जातो? देशाविषयी प्रेम वाटावे असे वाटत असेल तर पगाराच्या चिठ्ठीवर एक ओळ छापायला काय हरकत होती?

माणदेशी

कर १९७५ चा आहे आणि दुष्काळ १९७२ चा. माझ्या आजीची मजुरी आपल्या पगारातून निघालेली नाही, एवढी कृपा करून नोंद घ्यावी.

ठाणेकर

नोंद घेतली. पण रोजगार हमीचे जनक वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात केलेल्या प्रयोगापासून रोजगार हमीच्या १९७७ च्या कायद्यापर्यंत धागा एकच आहे, हे आपणही जाणता. संसदेने २००५ मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा जो कायदा केला, त्याच्यापुढे आदर्श महाराष्ट्राचा होता. मग अभिमान कोणाचा बाळगायचा, राज्याचा की देशाचा?

सुमनताई

सगळे पुरुष करांवर घसरले म्हणून लिहिते. मी तेव्हा दहावीत होते आणि आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली आहे. आमचा मुकादम हजेरीत खोटी नावे घुसवत असे आणि मापात मारत असे. एकदा बायकांनी टोपल्या टाकून दिल्या आणि उन्हात चालत तहसील कचेरी गाठली. तेथे साहेब बाहेर आले, खुर्ची न मागवता ओट्यावर बसले आणि माप पुन्हा घ्यायला लावले. मुकादमाचे पुढे काही झाले नाही, तो तसाच राहिला. परंतु ‘हे आमचे सरकार आहे, त्याच्याशी आम्ही भांडू’ असे आई त्यानंतर म्हणू लागली. चिकित्सक, भांडण आणि माया यांची आपण केलेली फारकत तिला कळली नसती.

चिकित्सक

सुमनताईंचा मुद्दा माणदेशी यांच्यापेक्षा पुष्कळ बरा आहे, यात मोठेसे काही नाही.

माणदेशी

आभारी आहे. आता ब्राह्मणगावकडे वळतो, कारण तो प्रश्न टाळायचा नव्हता. तेथे जे घडले त्याची लाज मला वाटते. परंतु जगाच्या पाठीवर त्या वर्षी याहून भीषण गोष्टी घडल्या असताना आपल्याला नेमके परभणी जिल्ह्यातील एक गाव का सलते? परक्याच्या अंगणातल्या घाणीचा राग येतो, लाज मात्र स्वतःच्याच अंगणातल्या घाणीची वाटते. जन्माचा अपघात एवढेच नाते असते तर आपण ते गाव माझ्या तोंडावर फेकले नसते.

चिकित्सक

ब्राह्मणगाव मला अधिक सलते, हे खरे. त्याला आपण माया म्हणत असाल तर खुशाल म्हणा. पंधरा ऑगस्टला गाडीवर झेंडा लावण्याचा आग्रह धरला नाही म्हणजे झाले. कर्तृत्वाशिवाय अभिमान नको, हे माझे म्हणणे मात्र जागचे हललेले नाही. सुमनताईंच्या आई उन्हात चालत गेल्या, त्यांना अभिमान शोभतो. आपल्याला आणि मला तो वारशाने कसा मिळतो, हे अजून कोणी दाखवून दिलेले नाही.

सुमनताई

वारशाने जमीन घेताना हा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

ठाणेकर

व्यवसाय कराविषयी मात्र अद्याप कोणीही उत्तर दिलेले नाही.