पंप-ट्रॅक्टरचा खर्च कमी करण्याचं प्रशिक्षण : निधी कुठून?

शिवारवाट: आमच्या शेतकरी कंपनीचे सभासद गहू-ज्वारीवाले. वीज-डिझेल बचतीच्या प्रशिक्षणाला अनुदान कुठे मागावं?

बांधावरचा: 'आत्मा'कडे (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा, जिल्ह्याजिल्ह्यात असते). तालुक्याच्या कृती आराखड्यात विषय घालून घ्या, तो पुढे जिल्ह्याच्या आराखड्यात जातो. आराखडा मंजूर झाल्यावर गेलात तर वर्ष गेलंच म्हणा. आणि 'जनजागृती' नको, शेतीशाळा नि प्रात्यक्षिक असं लिहा.

पंपमिस्त्री: प्रात्यक्षिकात पंपाने 200 लिटरचा ड्रम भरायला लागणारे सेकंद आणि क्लॅम्प मीटरवरचे (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) अँपिअर आधी नोंदवा. मग फूटव्हॉल्व्हची (पाण्यातल्या पाइपच्या टोकाची झडप) जाळी साफ करा, जादा एल्बो (पाइपची वळणं) काढा, पाइपचं तोंड हौदाच्या काठाहून फार उंच असेल तर खाली आणा. पुन्हा मोजा. कपॅसिटरने अँपिअर उतरतात, पण मीटरची युनिटं जवळपास तेवढीच पडतात. ती बचत म्हणून दाखवू नका. (विकणारे दाखवतात.)

रब्बीराव: डिझेल वाचवायला शून्य मशागत पेरणीयंत्र, म्हणजे न नांगरता थेट पेरणारं. भातानंतरच्या गव्हाला उत्तम, नांगरट-रोटाव्हेटरच्या फेऱ्याच वाचतात. बी 4-5 सेंमी खोल. वापसा नसताना, म्हणजे जमीन फार ओली असताना पेरलं तर फण चिखलाने तुंबतात, चर उघडे राहतात.

शिवारवाट: क्लॅम्प मीटर साहित्याच्या यादीत टाकतो.