टाकीतला गोळा का बुडाला?

सचिव (सोसायटीच्या ग्रुपवर): जमिनीखालची टाकी पहाटेपासून वाहत होती, पार्किंगमध्ये पाणी झालं आहे. बॉल कॉकचा, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणाऱ्या नळाचा, तरंगता गोळा पाणी शिरून बुडाला होता. प्लंबर आलाय. ११ पर्यंत पाणी जपून वापरा.

ए-३०३: फोटो पाहिला. आमची आठवीतली मुलगी म्हणते, गोळा तांब्याचा दिसतोय. आज बुडाला यात काय विशेष, इतकी वर्षं तरंगला कसा ते विचार.

सी-१०१: सोपं आहे ताई. पोकळ गोळा, आत हवा. हवा हलकी, ती वर ओढते.

बी-४०२: हवा काही ओढत नाही हो. ती फक्त आतली जागा अडवून बसते, पाण्याला शिरू देत नाही. गोळ्यातली सगळी हवा काढून घेतली आणि गोळा चेपला नाही, तर तो ग्रॅमभर हलकाच होईल आणि आणखी झकास तरंगेल.

डी-२०१: मग ओढतं कोण काका?

बी-४०२: ओढत कोणीच नाही, पाणी खालून ढकलतं. हिशेब करून दाखवतो. १० सेंमी बाजूचा ठोकळा घ्या. तो पाण्यात असा धरा की वरचा पृष्ठभाग ५ सेंमी खोल, म्हणजे तळ १५ सेंमी खोल. १ सेंमी खोलीमागे प्रत्येक चौरस सेंमीवर पाण्याचा १ ग्रॅम भार. वरून खाली दाब ५ × १०० = ५०० ग्रॅमचा. खालून वर १५ × १०० = १५०० ग्रॅमचा. बाजूंचे दाब एकमेकांना मारतात. उरला वरच्या दिशेने १००० ग्रॅम. आणि ठोकळ्याने बाजूला सारलेलं पाणी किती? बरोबर १ लिटर, म्हणजे १ किलो. आर्किमिडीज इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सांगून गेला ते हेच.

ए-३०३: म्हणजे आणखी खोल नेलं तर जोर वाढेल?

बी-४०२: नाही. वरचा दाब वाढतो तेवढाच खालचाही वाढतो, फरक तोच राहतो. तिला सांगा, ५० आणि ६० सेंमी घेऊन पुन्हा मांड.

ए-३०३: मांडलं. पुन्हा १ किलोच. बाई खूश आहेत.

सी-१०१: ते ठीक. पण शेवटी जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं. लोखंड बुडतं, लाकूड तरंगतं. यात गणित कशाला?

बी-४०२: अर्ध्या टनाचा ओंडका तरंगतो आणि ५ ग्रॅमचा खिळा बुडतो. जड कोण?

डी-२०१: चहा घ्या कोणीतरी, सी-१०१ गप्प झाले.

बी-४०२: प्रश्न नुसत्या वजनाचा नसतो. तेवढीच जागा व्यापणारं पाणी किती जड, हा प्रश्न असतो. लोखंडाचा १ घन सेंमी ७.९ ग्रॅमचा, पाण्याचा १ ग्रॅमचा. म्हणून खिळा तळाला. पण पारा घन सेंमीला १३.६ ग्रॅम, त्यावर तोच खिळा तरंगतो. उलट आबनुसाचं लाकूड इतकं घट्ट असतं की ते पाण्यात बुडू शकतं. आणि ज्वालामुखीतून येणारा प्यूमिस हा दगड असून तरंगतो, कारण त्यात निम्म्याहून जास्त बुडबुडेच असतात.

सचिव: गोळा आत्ता माझ्यासमोर आहे. पाणी काढून किचनच्या काट्यावर ठेवला, २१० ग्रॅम. व्यास १२ सेंमी. मलाही आता उत्सुकता लागली आहे.

बी-४०२: वा, सचिवसाहेब! १२ सेंमीच्या गोळ्याचं आकारमान साधारण ९०५ घन सेंमी. म्हणजे पूर्ण बुडवला तर पाणी त्याला ९०५ ग्रॅमच्या जोराने वर ढकलणार, आणि वजन फक्त २१०. पाण्यावर मोकळा सोडला तर चौथा हिस्साही बुडणार नाही. आत पाणी शिरलं की बाहेरचं आकारमान तेच, वजन मात्र वाढत जातं. सुमारे ७०० ग्रॅम पाणी आत गेलं की संपलं. तसं टाकी वाहायला पूर्ण बुडायचीही गरज नाही. दांडीच्या टोकाला व्हॉल्व्ह दाबून बंद करायला वरचा जोर शिल्लक लागतो, तो कमी पडला की पाणी चालू. माझ्या मते गोळा बरेच दिवस आजारी होता.

डी-२०१: मग एक कोडं घ्या. तळ्यात होडी, होडीत माणूस आणि मोठा दगड. माणसाने दगड तळ्यात टाकला. तळ्याची पातळी वाढेल, घटेल की तीच राहील?

सी-१०१: वाढेल. दगड पाण्यात गेला ना.

ए-३०३: मला वाटतं तीच राहील. दगड आधीही तळ्यातच होता, होडीत बसून.

सचिव: तीच.

बी-४०२: मी बोलत नाही. माझी २२ वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली, मला बंदी घाला.

सी-१०१: थांबा. बादली, त्यात स्टीलचं पातेलं, पातेल्यात १ किलोचं लोखंडी वजन. पेनाने खूण करतो.

डी-२०१: पाणी जपून वापरायचंय म्हणे ११ पर्यंत.

सी-१०१: कालचं भरलेलं आहे.

सी-१०१: वजन उचलून बादलीत सोडलं. पातळी खाली गेली. सेंटीमीटरभर तरी. दोनदा केलं.

ए-३०३: खाली?? का?

बी-४०२: पातेल्यात होतं तेव्हा ते तरंगत होतं, म्हणजे त्याच्यासाठी १ किलो पाणी बाजूला सारावं लागत होतं, पूर्ण १ लिटर. तळाला गेल्यावर ते फक्त स्वतःच्या आकाराएवढी जागा घेतं, १३० मिलिलीटरच्या आसपास. बाकी भार बादलीच्या तळाने उचलला. तरंगणारी वस्तू वजनाएवढं पाणी सारते, बुडालेली आकाराएवढं. हे एक वाक्य नीट बसलं की अर्धी परीक्षा सुटते.

सी-१०१: मान्य. पण मग ग्लासातला बर्फ वितळला की पाणी वाढायला हवं. थोडा बर्फ वर असतो ना.

बी-४०२: नाही वाढत. बर्फाची घनता ०.९२ च्या आसपास, म्हणून दहावा हिस्सासुद्धा वर राहत नाही. वितळून त्याचं जितकं पाणी होतं, ते त्याने आधीच सारलेल्या जागेत नेमकं मावतं.

डी-२०१: जहाजाचं काही सांगा की. बंदी उठवली.

बी-४०२: जहाजाच्या कुशीवर एक वर्तुळ आणि शेजारी आडव्या रेघा असतात, प्लिमसोल रेघ. जहाजं नको इतकी भरून बुडवली जायची, म्हणून १८७६ मध्ये ब्रिटनने कायद्याने ती खूण सक्तीची केली. त्यात गोड्या पाण्याची रेघ समुद्राच्या रेघेपेक्षा वर असते. समुद्राचं पाणी लिटरला १.०२५ किलो, नदीचं १. तेच जहाज, तोच माल, पण नदीत शिरलं की थोडं खाली बसतं. माझ्या पहिल्या फेरीत मला वाटलं होतं गळती लागली, धावत खाली गेलो होतो. अजून हसतात.

सचिव: नवीन प्लास्टिकचा गोळा बसला. पाणी सोडतोय. जुना भंगारात देऊ का?

ए-३०३: नको नको! हिला भोक कुठे आहे ते शोधायचंय. दिसत तर नाही.

बी-४०२: पूर्ण कोरडा करून गरम पाण्यात दाबून धर म्हणावं. आतली हवा तापून फुगते, भोकातून बुडबुडे येतील. पण हातमोजे घालून.

ए-३०३: आले! दोन अर्ध्या वाट्या जिथे जोडल्यात त्या सांध्यावर, केसाएवढी चीर. बुडबुडा अगदी सावकाश, एकेक.