अनुभव धागा: भारतातून येऊन अमेरिका गाडीने पार करायची आहे

सांगली

पुढच्या जूनमध्ये बहिणीकडे न्यू जर्सीला जातोय. आम्ही दोघं, सातवीतला मुलगा आणि आई-बाबा. व्हिसे झाले. बहीण म्हणते महिनाभर निवांत राहा, पण माझ्या डोक्यात शाळेच्या नकाशाच्या वहीपासून एकच किडा आहे: एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत गाडीने जायचं. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को. मुंबई-गोवा, हंपी, एकदा राजस्थान, सगळं स्वतः चालवून झालंय, त्यामुळे स्टिअरिंगची भीती नाही. नेटवर 'पाहायलाच हव्यात अशा जागा' ढिगाने सापडतात. मला माणसांचे अनुभव हवेत. काय खाल्लं, कुठे अडलात, काय पुन्हा करणार नाही. भारतातलं लायसन्स घेऊन चालवलेल्यांनी जरूर लिहा. हातचं राखू नका.

डेन्व्हर

स्वागत, आणि आधीच थोडं पाणी ओततो. तुमचा रस्ता साधारण ४,७०० किलोमीटरचा आहे. आपला श्रीनगर-कन्याकुमारी महामार्ग ३,७०० च्या आसपास भरतो. म्हणजे अख्खा भारत उभा कापून वर आणखी हजार. गूगल ४३-४४ तास दाखवेल, त्यात आईंचं गुडघे मोकळे करणं आणि मुलाचं 'भूक लागली' धरलेलं नाही.

आमच्याकडे दर उन्हाळ्यात पाहुणे येतात आणि सगळ्यांची योजना एकाच ठिकाणी फसते. अंतर पूर्वेकडे संपत नाही आणि पाहण्यासारखं बरंचसं पश्चिमेकडे आहे. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा, मग नेब्रास्का. एकटं नेब्रास्का आय-८० वर (आय म्हणजे इंटरस्टेट, इथला राज्याराज्यांतून जाणारा महामार्ग) ७३० किलोमीटर आहे. मक्याची शेतं आणि सरळ रस्ता. डेन्व्हरला पोचेपर्यंत मंडळी दमतात आणि खरे डोंगर सुरू होतात तेव्हा मागच्या सीटवर सगळे झोपलेले असतात.

आकड्यांचं गणित मात्र शिकून घ्या, फार उपयोगी पडतं. सम क्रमांकाचे मुख्य इंटरस्टेट पूर्व-पश्चिम, विषम दक्षिण-उत्तर. सम आकडे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढतात: आय-१० खाली मेक्सिकोच्या बाजूला, आय-९० वर कॅनडाच्या बाजूला. विषम आकडे पश्चिमेकडून वाढतात: आय-५ पॅसिफिकच्या कडेने, आय-९५ अटलांटिकच्या. बहुतेक राज्यांत एक्झिटचा, म्हणजे महामार्गावरून उतरायच्या फाट्याचा, नंबर म्हणजे मैलाचा दगडच. एक्झिट ११६ पासून एक्झिट १६७ म्हणजे ५१ मैल. नेट गेलं तरी माणूस हरवत नाही.

माझं मत विचाराल तर न्यू जर्सीहून विमानाने डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटी गाठा आणि तिथून गाडीने गोल फेरी मारा. गाडी घेतली तिथेच परत केली की एकेरी भाड्याचा भुर्दंडही वाचतो. एका शहरात घेऊन दुसऱ्या किनाऱ्यावर सोडायची तर तो आकार कधीकधी भाड्याइतकाच निघतो.

आय-७० ने युटाहमध्ये गेलात तर ग्रीन रिव्हर गावात टाकी भरा, अर्धी असली तरी. तिथून सलायनापर्यंत जवळजवळ १७५ किलोमीटर पंप नाही, हॉटेल नाही, वस्ती नाही. तशी पाटीच लावलेली आहे. आमच्या पाहुण्यांना ती पाटी चेष्टा वाटते.

सॅन होजे

लायसन्सबद्दल. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, वर्षभर चालतो. तो मूळ लायसन्सचा सोबती आहे, पर्याय नाही. दोन्ही जवळ हवेत. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आणि भाड्याने गाडी देणाऱ्यांचे त्याहून वेगळे, त्यामुळे हुज्जत घालण्यापेक्षा ते परवान्याचं पुस्तक पुढे करणं सोपं. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं असावं. डेबिट कार्डावर बरेच काउंटर नाक मुरडतात.

विम्यात लोक गोंधळतात. एक असतो भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचा, दुसरा तुमच्यामुळे समोरच्याच्या गाडीला किंवा शरीराला झालेल्या नुकसानीचा. पहिल्यावर सगळे घासाघीस करतात आणि दुसरा विसरतात. इथल्या दवाखान्यांची बिलं बघता महत्त्वाचा दुसराच आहे. इथल्या माणसाचा स्वतःचा वाहन विमा असतो, तुमचा नाही. बुकिंग करतानाच त्यात किती रकमेपर्यंतचं संरक्षण आहे ते वाचा. आई-बाबांचा प्रवासी आरोग्य विमा वेगळा, त्यात आधीपासूनचे आजार धरलेत का ते बघा.

सासरे पहिल्यांदा इथे चालवायला बसले तेव्हा प्रत्येक वळणावर कोरड्या काचेवर वायपर फिरायचे, कारण भारतातल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला, इथे डाव्या. उजवीकडून चालवण्याची सवय तासाभरात होते. मोकळ्या पार्किंगमधून रिकाम्या रस्त्यावर बाहेर पडताना मात्र मेंदू जुन्या बाजूला ओढतो. एकच खूण धरा: चालवणारा नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेकडे.

नागपूर

मी निवृत्त शिक्षिका. मुलगा फिनिक्सला, त्याच्यासोबत आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी अ‍ॅरिझोना, युटाह, कॅलिफोर्निया फिरलो. जेवणाचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, तोच खरा प्रश्न असतो.

घरून इलेक्ट्रिक कुकर आणू नका. तिथे ११०-१२० व्होल्ट, आपला २३० चा. तो नुसता कोमट होतो. तिथेच छोटा राइस कुकर घ्यावा. मोटेलच्या खोलीत मुगाची खिचडी, मेतकूट-भात, उकडलेले बटाटे, सगळं होतं. फोडणी मात्र विसरा. छताला धुराचा अलार्म असतो आणि मोहरी तडतडली की तो आपल्यापेक्षा मोठ्याने तडतडतो. मी घरूनच तेलात फोडणी करून, गार करून बाटलीत भरून नेली होती. वरून चमचाभर घातली की झालं. दशम्या आणि तिळाची चटणी तीन-चार दिवस उत्तम टिकतात. विमानातून नेलेले खाण्याचे पदार्थ कस्टमवाल्यांना आपणहून सांगा. मसाले, लोणची सहसा जाऊ देतात, ताजी फळं नाही.

शाकाहारी असाल तर मेक्सिकन दुकानं बरी. बीन्स, भात, ढोबळी मिरची, आणि तिखट मागावं लागत नाही. पण छोट्या घरगुती ठिकाणी विचारून घ्या, बीन्स डुकराच्या चरबीत परतलेले असू शकतात आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला. चेनमध्ये हा प्रश्न कमी येतो.

अ‍ॅरिझोनातून कॅलिफोर्नियात शिरताना नीडल्सजवळ गाडी थांबवतात. मला वाटलं पासपोर्ट पाहणार. त्यांनी विचारलं, फळं आहेत का? शेतीला कीड लागू नये म्हणून ही चौकी. माझी लिंबं आणि दोन संत्री त्यांनी ठेवून घेतली. नागपूरच्या बाईची संत्री! पावती मागायची इच्छा झाली होती.

मोटेलांची बरीच मालकी आपल्या गुजराती मंडळींकडे आहे, लहान गावांत तर हमखास. एका काउंटरवर माझं कुंकू पाहून तिथल्या बाईंनी विचारलं, चहा घेणार का? आल्याचा, दुधात उकळलेला. प्रवासातला उत्तम चहा तोच, बाकी सगळीकडे कागदी पेल्यात गरम पाणी आणि दोऱ्याला बांधलेली पिशवी.

ह्यूस्टन

टाकी भरताना पंप कार्ड घालायला सांगतो आणि मग पाच आकडी झिपकोड (इथला पिनकोड) मागतो. भारतातल्या कार्डाला तो नसतो. खटपट न करता आत जा, पंपाचा नंबर सांगा, 'चाळीस डॉलर' म्हणा. कमी लागलं तर उरलेले परत मिळतात. हिरवी नळी बहुतेक ठिकाणी डिझेलची असते, ती पेट्रोलच्या गाडीत घालू नका. न्यू जर्सीत यातलं काहीच करावं लागणार नाही, तिथे स्वतः पेट्रोल भरायला कायद्यानेच बंदी आहे. गाडीत बसून राहायचं.

कोलंबस, ओहायो

पोलिसांनी मागे दिवे लावले तर उजवीकडे घेऊन थांबा आणि गाडीतच बसा. आपल्याकडे उतरून साहेबांकडे चालत जाणं म्हणजे अदब, इथे तोच धोका समजतात. काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, कागद मागितल्यावरच काढा. मी विद्यार्थी असताना ताशी १५ मैल जास्त होतो. तो नम्र होता, मीही, दंड झालाच. 'सोडा ना साहेब' हा मार्ग इथे नाही, आणि नोट पुढे करण्याचा विचारही नको.

पिवळी शाळेची बस लाल दिवे लावून थांबली की दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं असतं. लाल सिग्नलला पूर्ण थांबून उजवीकडे वळता येतं, पाटी मनाई करत नसेल तर. न्यूयॉर्क शहरात एरवीच मनाई आहे. हॉर्न विसरून जा.

एल पासो, टेक्सास

मेक्सिकोच्या सीमेला समांतर जाणार असाल तर सीमा न ओलांडताही तपासणी होते. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या पांढऱ्या वाळूतून लास क्रूसेसकडे परतताना बॉर्डर पॅट्रोलचा, म्हणजे सीमा पोलिसांचा, नाका आहे. मी आणि मित्र थांबलो, पासपोर्ट आणि आय-९४ ची (हा महामार्ग नव्हे, अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद) छापील प्रत दाखवली, मिनिटभरात सुटलो. आय-९४ संकेतस्थळावरून छापून घ्या आणि पासपोर्ट हॉटेलच्या खोलीत ठेवू नका. पाच जणांचे पाच, हाताशी.

कल्याण

आम्ही फक्त अ‍ॅरिझोना-युटाह केलं, भारतातून थेट. वेळेचा घोळ ऐका. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. शेजारचं युटाह करतं. बरंचसं अ‍ॅरिझोनातच असलेलं नावाहो राष्ट्र, म्हणजे नावाहो आदिवासींचा स्वशासित प्रदेश, करतं. पण नावाहोंच्याच जमिनीवरच्या अँटिलोप कॅन्यनच्या सहली पेज गावाच्या, म्हणजे अ‍ॅरिझोनाच्या वेळेने चालतात, आणि मॉन्युमेंट व्हॅली नावाहो वेळेने. पेजमध्ये मोबाइल कधी युटाहचा टॉवर पकडतो, कधी अ‍ॅरिझोनाचा. बायकोने मनगटी घड्याळ फिनिक्सच्या वेळेला लावलं आणि मोबाइलकडे बघणं सोडलं. हा उपाय शंभर टक्के लागू.

सॉल्ट लेक सिटी

जुन्या प्रवासवर्णनांतले खर्च आता धरू नका. १ जानेवारी २०२६ पासून राष्ट्रीय उद्यानांत परदेशी पाहुण्यांचे दर वेगळे झाले. वर्षाचा पास इथल्या रहिवाशांना ८० डॉलर, बाहेरच्यांना २५०. पास नसेल तर यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस, योसेमिटी अशा ११ उद्यानांत १६ वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला प्रवेशशुल्क सोडून माणशी १०० डॉलर ज्यादा. तुम्ही चार मोठे, म्हणजे एका फाटकावर चारशे. त्यातलं एकच उद्यान केलं तरी गाडीतल्या सगळ्यांना चालणारा पास स्वस्त पडतो. आर्चेस आणि कॅन्यनलँड्स त्या ११ मध्ये नाहीत, आणि माझ्या मते ती झायनपेक्षा कमी गर्दीत जास्त देतात.

जून म्हणताय म्हणून आणखी एक. योसेमिटीतला टायोगा रस्ता बर्फाप्रमाणे मे अखेरीस किंवा जूनमध्ये उघडतो, ग्लेशियर उद्यानातला गोइंग-टू-द-सन रस्ता तर बहुधा जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला. नकाशावर रेघ आहे म्हणजे रस्ता उघडा आहे असं नाही. यलोस्टोनमध्ये गवा शांत दिसतो, तरी त्याच्यापासून २५ यार्ड दूर, अस्वलापासून १००. मुलाला हे आधी सांगा, फोटोसाठी पळणाऱ्यांत मोठेच जास्त असतात.

सांगली

सगळ्यांना धन्यवाद. बाबांनी डेन्व्हरचा सल्ला वाचला आणि लगेच 'विमान' म्हणाले. मी अजून अडून बसलोय. एक विचारू? आईला दर दोन तासांनी बाथरूम लागतं. सोय कशी असते?

डेन्व्हर

आपल्या हायवेपेक्षा खूप बरी. सरकारी रेस्ट एरियात स्वच्छ स्वच्छतागृह, बाकडी, बहुधा व्हेंडिंग मशीन. ट्रकवाल्यांच्या मोठ्या थांब्यांवर तर अंघोळीचीही सोय मिळते. पूर्वेत तासाभरात काहीतरी येतंच. पश्चिमेत पाटी दिसली की गरज नसतानाही थांबायचं, हा आमच्या घरचा कायदा आहे.

विचिटा, कॅन्सस

मक्याच्या शेतांना नावं ठेवणाऱ्या डेन्व्हरकरांसाठी. आम्ही इथे राहतो हो! आय-७० वरच्या सलायनापासून (हे कॅन्ससमधलं, युटाहमधलं वेगळं) दक्षिणेला तासाभरावर हचिन्सन लागतं. तिथे ६५० फूट खाली मिठाच्या खाणीत संग्रहालय आहे, लिफ्टने उतरायचं, जूनच्या उन्हात आत मस्त गार. त्याच गावातल्या अवकाश संग्रहालयात चंद्रमोहिमेवरच्या अपोलो १३ यानाचं परत आलेलं खरंखुरं कमांड मॉड्यूल ठेवलंय. सातवीतल्या पोराला तिसऱ्या कॅन्यनपेक्षा हे नक्की आवडेल. सांगलीकर, यायचं ठरलं तर कळवा. जेवायला आमच्याकडे, आणि फोडणीसकट.