रॉयल एन्फिल्ड सोडून होंडा ३५०: कंपनी बदलण्याइतका फरक आहे का?

सह्याद्रीस्वार
रॉयल एन्फिल्डची जुनी क्लासिक ३५० विकून होंडाची हायनेस सीबी ३५० घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही, कारण तुलनाच चुकीच्या इंजिनाशी होते. ८० च्या पुढे हँडल आणि फुटरेस्टला मुंग्या, आरशात थरथर, स्टार्टरचा स्प्रॅग क्लच (मोटरचा जोर इंजिनाला देणारा एकेरी क्लच) जाणं, या सगळ्या तक्रारी जुन्या ३४६ सीसी यूसीई इंजिनाच्या. २०२१ पासून क्लासिकला ३४९ सीसीचं जे-सिरीज इंजिन आहे आणि त्यात बॅलन्सर शाफ्ट (कंपन कमी करणारा दांडा) आहे. मुंग्यांचं मूळ कारण तिथेच संपलं.

स्प्रॅग क्लचचं म्हणाल तर तो बहुतेक वेळा आपल्याच हातून जातो. बॅटरी उतरलेली असताना बटण दाबून धरलं की क्रँक कॉम्प्रेशन पार करू शकत नाही, उलटा झटका मारतो आणि तो धक्का स्प्रॅगवर बसतो. मग मोटर नुसती फिरते, इंजिन हलत नाही. हेडलाइट मंद असेल तर सरळ किक मारायची. यूसीईला किक दिलीय ती त्याचसाठी.

ताकद म्हणाल तर क्लासिक २०.२ बीएचपी आणि २७ एनएम टॉर्क (म्हणजे ओढ), हायनेस २०.८ आणि ३० एनएम. दोन्ही ३५० सीसीच्या आत, म्हणजे सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर जीएसटी १८ टक्केच. एवढ्यासाठी कंपनी का बदलायची?

पाना-पक्कड
आकडे बरोबर आहेत, पण अर्धेच दिलेत. होंडाचे ३० एनएम ३००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतात, क्लासिकचे २७ एनएम ४००० ला. शिवाय होंडा १८१ किलो आणि क्लासिक १९५. चौदा किलोंचा फरक पार्किंगमधून गाडी मागे ओढताना रोज कळतो. असिस्ट-स्लिपर क्लचमुळे लिव्हर हलका, म्हणजे सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये मनगट दुखत नाही. हायनेसला अलॉय आणि ट्यूबलेस टायर. क्लासिकच्या स्पोकवाल्या मॉडेलला ट्यूब असते. घाटात पंक्चर झालं तर चाक उतरवण्याशिवाय गत्यंतर नाही. ट्यूबलेसला पट्टी स्वतः लावता येते: खिळा उपटा, रीमरने भोक साफ करा, सोल्यूशन लावलेली पट्टी सुईने आत ढकला, सुई झटक्यात बाहेर ओढा, वर राहिलेलं टोक कापा, हवा भरा. दहा मिनिटांचं काम.

कोकणपट्टी
पाना-पक्कड, घाटाचं नाव काढलंत म्हणून लिहितो. होंडाचं गिअरिंग लांब आहे, म्हणजे प्रत्येक गिअरला वेग जास्त लागतो. मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना सामान घेऊन आंबा घाट चढताना हेअरपिनला वेग पंचविशीवर आला की तिसऱ्यात इंजिन धडधडायला लागतं, दुसरा टाकावाच लागतो. दुसऱ्यात आरपीएम चढतात म्हणून नवखा लगेच परत तिसरा टाकतो आणि पुढच्या वळणाला पुन्हा तीच गत. दुसऱ्यातच राहायचं, इंजिनाला काही होत नाही. पाचवा तर फक्त हायवेचा समजा. जे-सिरीजला अशा जागी गिअर कमी वेळा बदलावा लागतो, म्हणून घाटात माझं मत क्लासिकला.

त्याहून मोठा मुद्दा सर्व्हिसचा. होंडाची साधी शोरूम तालुक्याला असेल, पण ही गाडी बिगविंगची, म्हणजे होंडाच्या मोठ्या गाड्यांच्या वेगळ्या शोरूमची. तिचं सर्व्हिस सेंटर जिल्ह्यात कुठे आहे ते आधी बघा. एन्फिल्डची क्लच केबल, ब्रेक लिव्हर, चेन-स्प्रॉकेट किट बाहेरच्या दुकानातही मिळतात. होंडाच्या काउंटरवर जाऊन हेच तीन पार्ट विचारा: आज आहेत का, नसतील तर किती दिवसांत येतील, किंमत काय. उत्तर 'ऑर्डर टाकावी लागेल' असं आलं तर बुकिंगआधी पुन्हा विचार करा.

पाना-पक्कड
सर्व्हिसचा मुद्दा मान्य. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला मात्र तो लागू नाही, आणि गिअरिंगची सवय होते.

बदलणाऱ्यांसाठी एक इशारा, कारण यात खरंच क्लच जातात. एन्फिल्डला १५डब्ल्यू-५० ऑइल लागतं, होंडाला १०डब्ल्यू-३०. आता १०डब्ल्यू-३० स्कूटरच्या बाटलीवरही छापलेलं असतं. स्कूटरचं ऑइल जासो (ऑइलचा जपानी दर्जा) एमबी असतं. त्यातले घर्षण कमी करणारे घटक ओल्या (ऑइलमध्येच फिरणाऱ्या) क्लचला चालत नाहीत, प्लेटा सरकायला लागतात. मग आरपीएम वाढतात पण गाडी पळत नाही. बाटलीवर 'एमए' किंवा 'एमए२' वाचल्याशिवाय झाकण उघडू देऊ नका, मेकॅनिक कितीही ओळखीचा असला तरी.

दुसरं, होंडाला हॉर्नचं बटण वर आणि इंडिकेटर खाली. एन्फिल्डची सवय असलेला अंगठा वळताना हॉर्न वाजवतो. पहिले काही दिवस गर्दीत जपून.

कागदपत्र
गाडी कुठलीही घ्या, जुनीचा नो क्लेम बोनस सोडू नका. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी विकल्यावर विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यात सूट मागा. ५० टक्क्यांपर्यंत मिळू शकते. डीलर आपणहून क्वचितच सांगतो. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलेलं असेल तर बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर एचएसआरपी प्लेट आधी बसवून घ्या.

सह्याद्रीस्वार
ऑइलचा मुद्दा बिनतोड आहे. कंपनी बदलण्याबाबत माझं मत तेच, पण हलका क्लच आणि कमी वजन हवं असलेल्या शहरातल्या माणसाला मी आता अडवणार नाही. फक्त टेस्ट राइड शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. मागे कुणाला तरी बसवून फ्लायओव्हरच्या चढावर तिसऱ्यात तीसच्या वेगाने दोन्ही गाड्या चालवा आणि तिथून थ्रॉटल उघडा. कोणती ओढते आणि कोणती धडधडते ते तेवढ्यात कळेल.

कोकणपट्टी
आणि चढावर थांबून पुन्हा सुरुही करून बघा. गिअरिंग लांब असेल तर क्लच जास्त वेळ अर्धा धरावा लागतो, आणि घाटातल्या जाममध्ये प्लेटा जळतात त्या तशाच.